ईआरपीनेक्स्ट इंदूरच्या नमकीन कारखान्यात: कुठे वाकवावं, कुठे हात लावू नये

सांवेर रोडवरच्या मध्यम आकाराच्या नमकीन कारखान्यात हिशेब टॅलीत असतो, तळणाचं रजिस्टर वहीत असतं आणि कुठल्या व्यापाऱ्याला कुठली स्कीम कबूल केली आहे हे सेल्समनच्या व्हॉट्सॲपवर असतं. हे सगळं एका जागी आणायचं म्हटलं की हल्ली ईआरपीनेक्स्टचं नाव निघतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली खुलं आहे. परवान्याचे पैसे नाहीत, वापरणाऱ्या माणसागणिक आकारणी नाही आणि वाटेल ते बदलता येतं. ‘वाटेल ते’ हा शब्द ऐकला की मालक पहिल्याच बैठकीत चाळीस बदल सांगतात, आणि बसवून देणारा चाळीसही करून देतो. दोन वर्षांनी त्यातले दहा-बारा बदल अंगावर येतात.

निकाल आधीच सांगतो. स्वतः माल बनवणाऱ्या, बॅच आणि एक्स्पायरी सांभाळणाऱ्या, दोन-तीन डेपो असलेल्या उत्पादकासाठी हे सॉफ्टवेअर घेण्याजोगं आहे. सियागंजात काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना बिल फाडणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यासाठी नाही. या निकालाची कारणं फीचरच्या यादीत सापडत नाहीत, ती आपल्या मापाचं करताना दिसतात.

सुरुवात मापांपासूनच करावी, कारण इथे केलेली चूक नंतर सुधारत नाही. एखाद्या मालाची मूळ मोजणी ज्या एककात ठरवली त्यात एकदा का खरेदी-विक्रीची नोंद झाली, की ते एकक बदलता येत नाही. ईआरपीनेक्स्ट सरळ नकार देतं. म्हणून पाच रुपयांच्या पुडीचं मूळ एकक ‘नग’ ठेवावं; लडी (एकमेकींना जोडलेल्या पुड्यांची माळ) आणि पेटी ही त्याच मालाच्या एककांच्या तक्त्यात गुणकासह लिहावीत. बरेच जण उलट करतात. पेटी मूळ धरतात, कारण गोदामात पेट्याच मोजल्या जातात. मग बारा लड्यांच्या पेटीतून एक लडी सुटी निघाली की नोंद होते ०.०८३ पेटी, कारण दशांश मुळात तीनच स्थळांपर्यंत ठेवलेले असतात. अशा बारा लड्या गेल्या की पुस्तकात ०.९९६ पेटी जाते आणि ०.००४ पेटी कायमची गोदामात पडून राहते. वर्षअखेरीस अशा चिमूटभर शिल्लकी शेकडो मालांवर दिसतात आणि ऑडिटर त्यावर बोट ठेवतो. नग, लडी, पेटी या एककांवर ‘पूर्ण संख्याच हवी’ ही खूण केली की अपूर्णांकाची नोंदच अडते. ती खूण पहिल्याच दिवशी करावी.

तेलाचा डबा हा दुसरा सापळा. पंधरा किलोचा डबा वेगळा आणि पंधरा लिटरचा वेगळा, पण बोलताना दोन्ही ‘पंधराचा डबा’च. तेलाची घनता साधारण ०.९१ धरली तर पंधरा लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलो तेल भरतं. मूळ एकक किलो आणि डब्याचा गुणक १५ लिहिला, तर प्रत्येक डब्यामागे १.३५ किलो तेल फक्त पुस्तकात जमा होतं. शंभर डब्यांना १३५ किलो. मग महिन्याच्या शेवटी तेलाची चोरी शोधायची वेळ येते. डब्यावर वजन आणि लिटर दोन्ही छापलेलं असतं, ते बघून किलोचा डबा आणि लिटरचा डबा अशी दोन वेगळी एककं करावीत. यासाठी प्रोग्रामरची गरज नाही, खरेदी बघणाऱ्या मुनीमजींना शेजारी बसवावं लागतं.

कराच्या बाबतीत ईआरपीनेक्स्ट खरोखर चांगलं आहे, फक्त त्याचं ऐकायला हवं. पॅकबंद नमकीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी दर मालाच्या कर-टेम्प्लेटमध्ये ठेवला होता त्यांना मालाच्या गटावर एक नवी ओळ घालावी लागली: ५ टक्क्यांचं टेम्प्लेट, ‘लागू दिनांक’ २२-०९-२०२५. त्या तारखेआधीच्या बिलांना जुना दर, नंतरच्यांना नवा, हे सॉफ्टवेअर स्वतःच बघतं. ज्यांच्या छापील नमुन्यात किंवा स्क्रिप्टमध्ये कोणीतरी ‘१२’ हा आकडा हाताने लिहून ठेवला होता, त्यांच्या बिलात आकडेमोड एका दराची आणि छपाई दुसऱ्या दराची. म्हणून कायद्याने बदलू शकणारी कोणतीही गोष्ट, मग तो दर असो, मर्यादा असो की परवाना क्रमांक, तारखेसह तक्त्यात राहिली पाहिजे. बसवून देणाऱ्याचं काम तपासताना छापील नमुन्याचा मजकूर उघडून त्यात आकडे शोधावेत. तपासाची याहून स्वस्त पद्धत नाही.

याच संक्रमणात परतीचा माल अडचणीत आणतो. नमकीनमध्ये एक्स्पायरीची परतफेड नेहमीची. १२ टक्क्यांनी विकलेला माल दर बदलल्यावर परत आला, तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघायला हवी. मूळ बिल उघडून त्यातूनच ‘परतावा’ केला तर जुना दर आपोआप येतो. डेपोवाला घाईत कोरी क्रेडिट नोट करतो, तेव्हा त्या दिवसाचा दर लागतो आणि ताळमेळ बिघडतो. इथे एक छोटा बदल उपयोगी: परताव्याच्या नोंदीत मूळ बिलाचा रकाना अनिवार्य करायचा. ‘कस्टमाइझ फॉर्म’मध्ये त्या रकान्याला ‘परतावा असेल तरच अनिवार्य’ अशी अट लिहिता येते, कोड लागत नाही.

एमआरपी मुळात मालाच्या फॉर्मवर नसते. बहुतेक जण ती मालावर एक नवा रकाना म्हणून घालतात आणि फसतात, कारण एकाच मालाच्या दोन बॅचवर दोन एमआरपी असू शकतात. दर कमी झाल्यावर तेच झालं. एमआरपी बॅचवर ठेवावी. बॅचनुसार भाव लावण्याची सोय भावयादीतही आहे. एक्स्पायरीसाठी मालावर टिकण्याचे दिवस लिहिले की उत्पादन तारखेवरून बॅचची एक्स्पायरी स्वतः निघते. वजन बदललं, म्हणजे पाचच्या पुडीत ग्रॅम वाढले, तर नवा माल उघडावा. जुन्याच मालाचं वजन बदलून टाकलं की मागचा सगळा उत्पादन अहवाल खोटा ठरतो.

आता तळणाकडे. शेव, गाठिया, मिक्श्चर यांचं बीओएम, म्हणजे कोणता कच्चा माल किती लागतो याची यादी, शंभर किलो तयार मालावर बांधणं सोयीचं. बेसन, मीठ, मसाला बीओएमप्रमाणे उचलला जातो, पण तेल तसं उचललं जात नाही. कढईत उरलेलं तेल पुढच्या घाण्याला चालतं, मध्ये भर पडते, शेवटी काही टाकून द्यावं लागतं. ‘कच्चा माल कशावरून वजा करायचा’ या उत्पादन सेटिंगमध्ये मूळ पर्याय बीओएमचा असतो. तो बदलून ‘प्रत्यक्ष दिलेल्या मालावरून’ असा केला की बीओएमचा अंदाज आणि खरा खर्च यांतला फरक दिसू लागतो. एवढं एक सेटिंग बदलण्याऐवजी तेलासाठी खास मॉड्यूल लिहून घेतलेले कारखानेही आहेत. त्यांच्या वाट्याला दर अपग्रेडला नवी डोकेदुखी येते.

वापरलेल्या तेलाचंही असंच. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार तळणाच्या तेलातलं टीपीसी (वारंवार तापवल्याने तेलात वाढणारे ध्रुवीय घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरता येत नाही, आणि दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणात लागणाऱ्यांना खरेदी-विल्हेवाटीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. गुणवत्ता तपासणीचा साचा बनवून त्यात टीपीसीचा आकडी निकष टाका, कमाल मर्यादा २५. तपासणी नापास झाली तर नोंद थांबवायची की नुसता इशारा द्यायचा, हे स्टॉक सेटिंगमध्ये ठरवता येतं. वापरलेलं तेल बीओएमच्या भंगार तक्त्यात वेगळा माल म्हणून ठेवलं की अधिकृत संकलकाला गेलेल्या डब्यांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवावा लागत नाही. इथे कोडची एक ओळही लागत नाही.

मसाल्याचं गुपित हा इंदुरात नाजूक विषय. कारागिराला कृती दिसू नये अशी मागणी प्रत्येक कारखान्यातून येते. उपाय असा: मसाला हा स्वतंत्र अर्धतयार माल, त्याचं स्वतःचं बीओएम, आणि शेवेच्या बीओएममध्ये नुसती एक ओळ, ‘मसाला मिश्रण क्रमांक ४’. पण वर्क ऑर्डरवर, म्हणजे उत्पादनाच्या हुकमावर, ‘बहुस्तरीय बीओएम वापरा’ ही खूण मुळातच केलेली असते. ती तशीच राहिली तर मसाला फुटून जिरं, लवंग, हिंग सगळं सुपरवायझरच्या पडद्यावर येतं. खूण काढल्यावरही स्टॉकच्या खातेवहीत कोणता जिन्नस किती गेला हे दिसतंच. म्हणून मसाल्याची खोली वेगळं गोदाम म्हणून उघडावी आणि गोदामनिहाय परवानगी द्यावी. सुपरवायझरच्या भूमिकेतून बीओएम वाचण्याचा हक्क काढायचा असेल तर आधी चाचणी साइटवर करून बघावं, कारण वर्क ऑर्डर उभीच राहते बीओएमवर.

बिलाच्या क्रमांकात हमखास गडबड होते. जीएसटीच्या नियमाने बिल क्रमांक १६ चिन्हांहून लांब चालत नाही, आणि हायफन व तिरक्या रेषेशिवाय दुसरी खूण चालत नाही. ईआरपीनेक्स्टची मूळ मालिका तशीच ठेवली तर क्रमांक १९ चिन्हांचा होतो. भारतासाठीचं ‘इंडिया कम्प्लायन्स’ ॲप ही लांबी तपासतं आणि ते बसवायलाच हवं. ॲप मोफत आहे, फक्त सरकारी पोर्टलशी बोलण्याचे क्रेडिट विकत घ्यावे लागतात. तरी एक फट उरते. बिल रद्द करून दुरुस्त केलं की मागे ‘-१’ जोडलं जातं, म्हणजे आणखी दोन चिन्हं. इंदूर, भोपाळ, उज्जैन अशी डेपोची अक्षरं घालून पंधरा चिन्हांचा क्रमांक बसवला असेल, तर दुरुस्त बिल सतरावर जातं. मूळ क्रमांक १४ चिन्हांत संपवावा. मालिकेत वर्षासाठी साधं ‘वायवाय’ लिहिलं तर आकडा १ जानेवारीला बदलतो. आर्थिक वर्षासाठी ‘एफवाय’ ही वेगळी खूण आहे, ती घालावी.

बिलावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांकही हवा, १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. बसवणारे तो कंपनीच्या लेटरहेडच्या चित्रात टाकून मोकळे होतात. पण परवाना जागेनुसार असतो. कारखान्याचा वेगळा, डेपोचा वेगळा. गोदामाच्या फॉर्मवर रकाना करून बिलाच्या नमुन्यात तिथून आणला की भोपाळच्या बिलावर सांवेर रोडचा क्रमांक छापला जात नाही.

स्क्रिप्टबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे पैसे वाया जातात. ईआरपीनेक्स्टमध्ये बदलाच्या दोन तऱ्हेच्या छोट्या स्क्रिप्ट आहेत. क्लायंट स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये चालते, सर्व्हर स्क्रिप्ट सर्व्हरवर. ‘सेल्समनने पाच टक्क्यांहून जास्त सूट देऊ नये’ हा नियम क्लायंट स्क्रिप्टने लिहिला तर पडद्यावर छान लाल संदेश येतो आणि मालकाचं समाधान होतं. मात्र तीच ऑर्डर एक्सेलमधून आयात केली किंवा मोबाइल ॲपमधून थेट सर्व्हरवर आली, तर स्क्रिप्ट चालतच नाही आणि वीस टक्के सूटही बिनबोभाट जाते. पैशाचा, स्टॉकचा, मंजुरीचा नियम सर्व्हरवरच हवा. क्लायंट स्क्रिप्ट फक्त सोयीसाठी, म्हणजे एखादा रकाना लपवायला किंवा आपोआप भरायला. आवृत्ती १५ पासून सर्व्हर स्क्रिप्ट मुळात बंद असतात. बेंचच्या, म्हणजे सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट जिथे बसवलेलं असतं त्या संचाच्या, कॉन्फिगरेशनमध्ये त्या चालू कराव्या लागतात, आणि फ्रॅपेच्याच होस्टिंग सेवेच्या, फ्रॅपे क्लाउडच्या, स्वस्त, सामायिक बेंचवर त्या मिळत नाहीत. होस्टिंगची योजना निवडताना हे कळलेलं बरं.

मंजुरीसाठी तर स्क्रिप्टचीही गरज नसते. वर्कफ्लोमध्ये अवस्था, भूमिका आणि अट लिहिली की एक लाखावरची ऑर्डर मालकाकडे जाते. ‘स्वतःच्या नोंदीला स्वतः मंजुरी’ ही खूण काढायला विसरू नये, नाहीतर व्यवस्थापक आपलीच ऑर्डर आपणच पास करतो. दहावर एक फुकट ही स्कीम प्राइसिंग रूलमध्ये बसते, पण ‘पुनरावर्ती’ खूण नसेल तर वीस घेतल्यावरही एकच फुकट मिळतो, आणि व्यापाऱ्याचा फोन येतो. दलाली एका दलालापुरती सेल्स पार्टनरमध्ये भागते. एका बिलात दोघांचा वाटा असेल तर सेल्स टीमचा तक्ता वापरावा.

कंपनी असेल तर ऑडिट ट्रेलचा, म्हणजे हिशेबातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवण्याचा, नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ईआरपीनेक्स्टमध्ये बदलांची नोंद राहते आणि इंडिया कम्प्लायन्समधला ऑडिट ट्रेल एकदा चालू केला की बंद होत नाही, हे चांगलं. पण सानुकूल स्क्रिप्टमध्ये डेटाबेसमधल्या रकान्यात थेट मूल्य लिहिण्याचा आडमार्ग वापरला असेल तर तो बदल इतिहासात उमटत नाही आणि कुठलीही तपासणीही होत नाही. घाईतल्या प्रोग्रामरला हा मार्ग फार आवडतो. सीए नेमके असेच बदल शोधतात.

भाषेच्या बाबतीत समाधान अर्धंच. पडदा हिंदीत किंवा मराठीत करता येतो, पण भाषांतर पूर्ण नाही आणि काही शब्द वाचून हसू येतं. सगळा पडदा बदलण्यापेक्षा गोदामातल्या माणसाला लागणाऱ्या मोजक्या रकान्यांची नावं आपल्या बोलीत करावीत. मालाच्या शोध-रकान्यांत हिंदी नाव घातलं की ‘रतलामी’ टाइप केल्यावर माल सापडतो. छापील बिलात देवनागरी हवी असेल तर सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट बसवलेला असावा लागतो. नसला तर पडद्यावर सगळं ठीक आणि पीडीएफमध्ये नुसते चौकोन.

अपग्रेडच्या वेळी मात्र ईआरपीनेक्स्टला पुरे गुण देता येत नाहीत. कस्टमाइझ फॉर्मने केलेले बदल वेगळे साठवले जातात आणि सहसा टिकतात. मूळ कोडच्या फाइलमध्ये हात घातला असेल तर अपडेट तिथेच अडतं. कोड न छेडताही धक्का बसू शकतो. आवृत्ती १५ मध्ये बॅचच्या नोंदी ‘सीरियल अँड बॅच बंडल’ नावाच्या वेगळ्या दस्तऐवजात गेल्या, आणि स्टॉकच्या खातेवहीतला जुना बॅचचा रकाना वाचणारे सानुकूल अहवाल रिकामे यायला लागले. नंतर जुन्या पद्धतीने बॅच भरण्याची खूण परत दिली गेली, पण तोवर अनेकांनी अहवाल नव्याने लिहून घेतले होते. म्हणून चाचणी साइटवर खऱ्या डेटाची प्रत चढवून, बॅचचा अहवाल, परतावा, ई-इनव्हॉइस आणि बिलाची छपाई एवढं तपासल्याशिवाय मुख्य साइटला हात लावू नये. दिवाळीच्या आधीचा महिना यासाठी नाहीच.

टॅलीप्राइमशी तुलना टळत नाही. टॅलीत टीडीएल या तिच्या स्वतःच्या भाषेने बदल होतात, इंदुरात ते करणारे सहज सापडतात, आणि कीबोर्डवर बिल फाडण्याचा टॅलीचा वेग ब्राउझरमधल्या ईआरपीनेक्स्टला गाठता येत नाही. पण टीडीएल फाइल सहसा टीसीपी रूपात, म्हणजे बंद करून मिळते. करणारा निघून गेला की ती दुरुस्त करता येत नाही. बॅच, उत्पादन आणि मंजुरी एकत्र लागत असेल तर टॅली ओढाताण करून पुरवावी लागते. फक्त हिशेब आणि बिलं असतील तर टॅलीच ठेवा, उगाच खर्च नको.

करार करताना बसवून देणाऱ्याकडून काय मागायचं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सगळे सानुकूल बदल एका वेगळ्या ॲपमध्ये बांधून घ्यावेत, त्याचा पूर्ण कोड आपल्या नावावरच्या रेपॉझिटरीत (कोड साठवण्याच्या ऑनलाइन जागेत) असावा आणि रकान्यांचे बदल त्यात फिक्स्चर म्हणून, म्हणजे ॲपसोबत जाणाऱ्या फाइलच्या रूपात, निर्यात केलेले असावेत, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर साइट उभी करता येते. बॅकअप फायलींसह घ्यावा, आणि साइटच्या कॉन्फिग फाइलमधली एन्क्रिप्शन की वेगळी जपून ठेवावी. ती हरवली तर डेटा परत मिळतो, पण ईमेल आणि ई-इनव्हॉइसचे साठवलेले पासवर्ड उघडत नाहीत, सगळे पुन्हा भरावे लागतात. शेवटचा हप्ता देण्याआधी तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर चढवून, एक जुनं बिल उघडून आणि एक नवं बनवून दाखवायला सांगावं.